चूक माझ्या नावावर

सर्टिफिकेट हातात आलं की आकाश मोकळं झालं, असं लोकांना वाटतं. तसं काही नसतं. तीन वर्षं घासून, मध्ये एकदा नापास होऊन, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी व्हर्ना हॉकिंगला हौशी वैमानिकाचं जे सर्टिफिकेट मिळालं, त्यानं तिला दिलं काय, तर एक वर्तुळ. कूलटारा गावाच्या धावपट्टीभोवती सेहेचाळीस किलोमीटरचं. फिरायचं ते त्याच्या आत. बाहेर जायचं तर पुढची परीक्षा. शेजारच्या सीटवर कुणाला बसवायचं तर आणखी एक परीक्षा. थोडक्यात, बाई, आता तू एकटीनं, कुणालाही सोबत न घेता, घराच्या आसपास घिरट्या घालायला लायक झालीस, असं तिला सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं होतं.

तिच्या नवऱ्यानं, ट्रेव्हरनं, तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला. "म्हणजे तू गाडीतून रोज जे करतेस तेच की," तो म्हणाला, आणि मग कागद स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर अगदी मधोमध लावून आला.

व्हर्नाला तेवढं पुष्कळ होतं. त्या कागदातला 'एकटीनं' एवढा एकच शब्द तिला हवा होता.

बावीस वर्षं ती शाळेची बस चालवत होती. सकाळी एकतीस पोरं गोळा करायची, दुपारी परत पोचवायची. वाटेत कांगारू आडवा आला तरी ब्रेक असा दाबायचा की कुणाचा दात ओठात रुतता कामा नये. सगळा गाव आपली पोरं तिच्या हवाली करायचा. पण तीच व्हर्ना स्वतःच्या गाडीनं शहराकडे निघाली की ट्रेव्हर बॉनेट उघडून तेल बघायचा, टायरला लाथ मारून बघायचा. मुलगे दोन, दोघांचीही लग्नं झालेली. घरी आले की लोणच्याची बरणी तिच्या हातातून काढून घ्यायचे. "आई, सोड, मी उघडतो." प्रेमानंच. प्रेमाबद्दल तिची तक्रार नव्हती. पण असल्या प्रेमात तीस-पस्तीस वर्षं काढल्यावर बाईला एखादी तरी गोष्ट अशी हवीशी वाटते, की जी बिघडली तर 'हिनंच बिघडवली' असं लोक म्हणतील.

क्लब म्हणजे गावाबाहेर पत्र्याची एक शेड, तिच्यात क्लबचं पांढरं दोन सीटांचं विमान, चार लोकांची स्वतःची चार, आणि चहाचं एक मोठं भांडं. शिकवायला आर्नो नोस्के. वय एकाहत्तर, धंदा गव्हाचा, बोलणं फार कमी. त्याचा सगळा कारभार 'हं'वर चालायचा. एक 'हं' म्हणजे ठीक. एक 'हं' म्हणजे पुन्हा कर. आणि एक असा, की तो ऐकला की तीनशे मीटर उंचीवर माणसाला वाटावं, दार उघडून खाली उतरता आलं असतं तर बरं. परीक्षेत पास झाल्यावर त्यानं तिचा हात हातात घेऊन 'हं' म्हटलं होतं. तो चौथ्या जातीचा होता. तिनं पूर्वी कधी ऐकला नव्हता.

आणि शेडमध्ये गलाह होता. गलाह म्हणजे गुलाबी पोटाचा राखी पोपट. थव्यानं येतो, धान्य सांडतो, तारेवर उलटा लटकून आरडाओरडा करतो. त्या मुलखात मूर्ख माणसाला या पक्ष्याच्याच नावानं हाक मारतात. क्लबचा गलाह कुणीतरी कुंपणाच्या जुन्या खांबातून कोरलेला, लाकडी, एका डोळ्याचा रंग उडालेला. ज्याच्या हातून विमानाच्या बाबतीत काही गाढवपणा होईल, त्यानं शनिवारच्या चहाला सगळ्यांसमोर उभं राहून आपली हकिगत सांगायची आणि पक्षी घ्यायचा. मग पुढचा गाढव सापडेपर्यंत तो पक्षी आपल्याबरोबर प्रत्येक उड्डाणात न्यायचा, पट्ट्यानं बांधून. सध्या तो होता डेस पॅस्कोकडे. डेसचं ट्रॅक्टरचं दुकान. वाऱ्यानं विमान उडून जाऊ नये म्हणून त्याचा पंख सिमेंट भरलेल्या टायरला बांधून ठेवतात. डेसनं ती दोरी न सोडताच विमान हाकारलं होतं, आणि अर्ध्या पट्टीपर्यंत टायर फरपटत नेला होता. "मला वाटलं, आज इंजिन जरा सुस्त आहे," हे त्याचं त्यावरचं म्हणणं. चार महिने झाले, तो दुसऱ्या गाढवाची वाट बघत होता.

पहिल्याच वर्षी व्हर्नानं विमान असं उतरवलं होतं की ते बेडकासारखं तीनदा उडालं. सगळ्या शेडनं बघितलं. तेव्हा पक्षी दुसऱ्या कुणाकडे होता. तो माणूस हसत हसत पक्षी तिच्याकडे घेऊन निघाला, तर आर्नोनं हात आडवा केला.

"शिकाऊ आहे ती. शिकाऊच्या चुकीला पक्षी नाही. ती चूक माझी, मी बघून घेईन."

सगळ्यांनी माना डोलावल्या. नियमच होता तो, आणि चांगलाच नियम होता. व्हर्नानं मात्र मान डोलावली नाही. तीन वर्षांत तिनं पुष्कळ चुका केल्या. रेडिओवर गावाचं नाव चुकीचं सांगितलं, वाऱ्याच्या उलट्या बाजूनं आली, एकदा तर धावपट्टी सोडून शेजारच्या रस्त्यावर उतरायला निघाली होती. सगळ्या आर्नोच्या खात्यात गेल्या. तिची म्हणून एक नाही.

सर्टिफिकेट आल्यावर तीन आठवड्यांत ती पाच वेळा एकटी उडाली. उडायची, फिरायची, परत यायची. सहाव्या वेळी, ऑगस्टातल्या एका शनिवारी, तिनं पहिल्यांदा दुसरीकडे जाऊन उतरायचं ठरवलं. तिच्या बसचा शेवटचा थांबा म्हणजे झ्वारांचं शेत. तिथं खत फवारणाऱ्या विमानांसाठी गवताची एक पट्टी होती. उन्हाळ्यात आर्नोला शेजारी बसवून ती तिथं दोनदा उतरली होती. मिसेस झ्वार आता त्र्याऐंशीच्या. लहानपणी त्यांनी व्हर्नाला चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवलं होतं, त्यामुळे गावात सगळ्यांना नावानं हाक मारणारी व्हर्ना त्यांना अजून मिसेस झ्वारच म्हणायची, आणि त्यांच्यापुढे पाठ ताठ करून बसायची. "सर्टिफिकेट मिळालं की वरून ये चहाला," त्यांनी सांगून ठेवलं होतं. "तोवर केक नाही."

शेडमधल्या पांढऱ्या फळ्यावर व्हर्नानं लिहिलं: व्हर्ना, झ्वारांचं शेत, साडेअकराच्या आत फोन. हीही तिथली रीत. निघताना वेळ लिहायची; त्या वेळेच्या आत पोचल्याचं कळवायचं. कळवलं नाही, तर माणूस कुठंतरी पडलाय असं धरून शोध सुरू.

आर्नोनं फळा वाचला. "तिकडं मोबाइल लागत नाही."

"त्यांच्या घरातून करीन."

"उतरल्या उतरल्या?"

"उतरल्या उतरल्या, आर्नो."

"हं."

वर गेल्यावर तिला आपला रस्ता दिसला. बावीस वर्षं ज्यावर धूळ खाल्ली तो सबंध रस्ता, एका नजरेत. इथं डावीकडे, तिथं उजवीकडे, मॅकीच्या फाटकाशी वळसा, पुलाशी थांबा. खाली त्याला एक तास चाळीस मिनिटं लागायची, आणि त्यात किमान एक उलटी व्हायची. वरून तो एखाद्या मुलानं कंटाळून काढलेल्या रेघेसारखा दिसत होता. दोन्ही बाजूंना मोहरीसारखी पिवळी शेतं नुकती फुलायला लागली होती, मधूनमधून गव्हाचं हिरवं. तिनं तो रस्ता नाकासमोर कापला. तेरा मिनिटं. ती एकटीच मोठ्यांदा हसली, आणि हेडफोनमध्ये आपलंच हसू ऐकून दचकली.

झ्वारांच्या पट्टीवर मेंढ्या होत्या. व्हर्नानं खालून एक फेरी मारली; मेंढ्यांनी वर बघितलं आणि चरणं चालू ठेवलं. एवढ्यात घराकडून एक जुनी उघडी गाडी हॉर्न वाजवत आली. त्र्याऐंशी वर्षांच्या मिसेस झ्वार डोक्याला चर्चची टोपी घालून स्वतः चालवत होत्या. मेंढ्या एका कोपऱ्यात गेल्या, गाडी त्यांच्यापुढे पहाऱ्याला उभी राहिली, आणि व्हर्ना उतरली. चांगली उतरली. पावसानं भिजलेल्या गवतात चाकं अशी टेकली, की टेकल्याचं तिला मागाहून कळलं. आणि हे बघायला जगात फक्त एक म्हातारी आणि साठ मेंढ्या!

आता ती घरात गेली असती तर काही झालं नसतं. दारात शिरल्याबरोबर डाव्या हाताला फोन. पण मिसेस झ्वारना विमान बघायचं होतं, म्हणून त्या चहाचा थर्मास, केक, दोन खुर्च्या आणि टेबलक्लॉथसुद्धा गाडीत घालून पट्टीवरच घेऊन आल्या होत्या. पंखाच्या सावलीत टेबल मांडलं. केक वरून खरखरीत, लोणी आणि साखरेच्या चुऱ्याचा, अजून कोमट.

"बस गं पोरी. काय थरथरतेस?"

"आनंदानं, मिसेस झ्वार."

"आनंदानं बसूनही थरथरता येतं."

मग त्यांना आत बसून बघायचं होतं. उडायला नेता येत नाही हे व्हर्नानं समजावलं, इंजिन बंद ठेवलं, आणि त्यांचा एक एक पाय उचलून आत घेतला. टोपी छताला लागली. मिसेस झ्वारनी दांडा दोन्ही हातांनी धरला आणि समोर बघत राहिल्या.

"पन्नास वर्षं मी त्या फाटकाशी उभी राहिले," त्या म्हणाल्या. "आधी माझी चार, मग त्यांची सहा. तुझी बस वळणावर दिसेनाशी झाली की आत जाऊन भांडी घासायची. कधी वाटलं नाही की ती पुढे कुठे जाते ते बघावं." मग त्यांनी मान वर केली. "आमचं छप्पर वरून कसं दिसतं गं?"

"गंजलंय. मागच्या बाजूचे दोन पत्रे उचकटलेत."

"तरीच! आणि हा कार्ल मला तीन वर्षं सांगतोय, तुला भास होतो, आई."

त्यावर दोघी खूप हसल्या. मग कार्ल लहानपणी शाळेत जाताना कसा रडायचा ते निघालं, मग आणखी केक, मग कोणतं बटण कशाचं. लांब घरात फोन वाजत होता. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. एक किलोमीटरवरून ऐकू येणं शक्यच नव्हतं.

ऐकू आलं ते विमान. व्हर्नानं मान वर केली. पिवळं, जुनं, दोन पंखांच्या जोड्यांचं. आर्नोचं. ते पट्टीवर इतकं खाली आलं की मेंढ्या फुटल्या, आणि तिला आतलं त्याचं तोंड दिसलं. तेव्हा कुठं तिनं घड्याळ बघितलं. बारा वाजून पाच.

हातातला केक तिनं गवतात टाकला. ती धावली, मिसेस झ्वारच्या मांडीवरून हात घालून रेडिओ लावला.

"आर्नो. व्हर्ना बोलतेय."

"लागलंय कुठे?"

"नाही. मी... फोन करायला विसरले."

पिवळं विमान एक फेरी पूर्ण करून आलं.

"इंजिन चालू करू नकोस," आर्नो म्हणाला. "डेसला गाडीनं पाठवतो. विमान तो घेऊन येईल, तू गाडीतून ये."

"का?"

"हात कापत असतील तुझे."

तिनं हात बघितले. कापत होते. नाही म्हणून सांगण्यात अर्थ नव्हता. हा माणूस तीन वर्षं त्या हातांच्या शेजारी बसला होता.

"कापताहेत," ती म्हणाली. "थांबेपर्यंत इथंच बसते. थांबले की निघते. विमान मी आणलं, मीच नेणार. फळ्यावर लिही, आर्नो. व्हर्ना, कूलटारा, पाऊण वाजेपर्यंत."

पिवळं विमान आणखी एक फेरी फिरलं. ती फेरी तिला फार लांबलचक वाटली.

"हं," रेडिओ म्हणाला. तो कोणत्या जातीचा होता ते तिला कळलं नाही. मग आर्नो वळला आणि मागं न बघता गावाकडं गेला.

"चिडलाय का?" मिसेस झ्वारनी विचारलं.

"चिडला असता तर बरं झालं असतं."

"ते नोस्के लोक असेच. याच्या बापानं लग्नातसुद्धा 'हं' म्हटलं होतं. पाद्रीबुवांनी दोनदा विचारलं, त्याचा अर्थ होय का म्हणून."

व्हर्नाला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. मिसेस झ्वार तिच्या खांद्याला धरून खाली उतरल्या आणि त्यांनी तिच्या हातात अर्धा कप थंड चहा दिला. बारा वीसला तिचे हात थांबले. तिनं यादीप्रमाणे एक एक गोष्ट तपासली, मोठ्यानं म्हणून तपासली, पेट्रोलचं झाकण बोटानं दाबून बघितलं. मिसेस झ्वार गाडीत बसून मेंढ्यांना हॉर्न वाजवायला निघून गेल्या.

परतीच्या वाटेवर खालचा रस्ता तिनं बघितलाच नाही. दुपारचा उत्तरेचा वारा सुटला होता आणि विमान एका कुशीवर ढकलत होता. कूलटारा दिसलं तसं तिला शेडपुढचं कुंपण दिसलं, आणि कुंपणाला लागून माणसं. अग्निशमनची लाल गाडी. तिचे स्वयंसेवक, निम्मे अजून फुटबॉलच्या मोज्यांत. शनिवारी सकाळी गावात फुटबॉलचा सामना असतो, आणि ट्रेव्हर त्याच्या धावफलकावर आकडे लावतो. ट्रेव्हरही कुंपणाशी होता. त्याची निळी टोपी तिनं दोनशे मीटरवरून ओळखली.

ती उतरायला आली. वारा आडवा. पट्टी तिच्या नाकाखालून हळूहळू डावीकडे सरकायला लागली, तिनं पायाखालचं पॅडल दाबून ती समोर आणली, ती पुन्हा सरकली. जमीन वर येत होती. सगळा गाव बघत होता. खाली बसवून टाकावं, काय व्हायचं ते होवो, असं एक क्षण वाटलं. आर्नो शेजारी असता तर त्यानं आत्ता एक 'हं' केला असता. शेजारची सीट रिकामी होती.

तिनं थ्रॉटल पूर्ण पुढं सारला. विमान गुरगुरलं, कुंपणावरच्या माणसांच्या डोक्यांवरून वर गेलं. रेडिओवर तिनं सांगितलं, पुन्हा फेरी मारतेय. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा शांत निघाला. दुसऱ्या खेपेला तिनं वाऱ्याच्या बाजूचा पंख जरा खाली ठेवला आणि तो तसाच धरून ठेवला, शेवटपर्यंत. एक चाक टेकलं. मग दुसरं. मग पुढचं. बारा एकेचाळीस.

विमान शेडपाशी आणून तिनं इंजिन बंद केलं. पंखा थांबला. ट्रेव्हर आला, पंखाखालच्या दांड्यावर हात ठेवून उभा राहिला.

"धावफलक तसाच टाकून आलोय," तो म्हणाला. "तिकडं आता दोन्ही टीम म्हणताहेत आम्ही जिंकलो."

"चुकलं माझं, ट्रेव्ह."

"मॅकीच्या फाटकापर्यंत गाडी घेऊन गेलो होतो. प्रत्येक झाडाखाली बघत." एवढंच बोलून तो खाली वाकला आणि पंखाची दोरी उचलून टायरच्या कडीला बांधायला लागला.

"ते मी बांधते," व्हर्ना म्हणाली.

त्यानं वर बघितलं. मग दोरी तिच्या हातात दिली. "बरं," तो म्हणाला, आणि ती बांधत असताना मागे हात बांधून उभा राहिला. ते त्याला किती जड गेलं हे पस्तीस वर्षांचा संसार केलेल्या बाईलाच कळावं.

तीन वाजता चहा. अग्निशमनवालेही थांबले होते; एवढी धावाधाव करवून घेतल्यावर बिस्किटं खाल्ल्याशिवाय कोण जातो. डेस पॅस्को पक्षी काखेत घेऊन आला होता, पण आता त्याचं धैर्य होईना. एकदा व्हर्नाकडे बघायचा, एकदा पक्ष्याकडे.

"तसं बघितलं तर," तो म्हणाला, "तीनच आठवडे झालेत तिला. आणि सुखरूप आली. आपल्या पोरांना बावीस वर्षं नेते-आणते बिचारी. या खेपेला सोडून देऊ. काय?"

"सोडून द्या," दोन-चार जण म्हणाले. कुणीतरी व्हर्नापुढं बिस्किटांची बशी सरकवली. सगळे इतक्या मायेनं बघत होते की तिला घाम फुटला.

तेवढ्यात खुर्ची मागे सरकली. आर्नो उभा राहिला.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "उतरवायला शिकवलं, वळवायला शिकवलं. घड्याळ बघायला शिकवलं नाही. मी सही लवकर केली." त्यानं डेसपुढं हात केला. "आण तो पक्षी."

शेड उसळली. एकतीस वर्षांत आर्नो नोस्केच्या हातात गलाह कधी गेला नव्हता. वादळात नाही, दुष्काळातल्या धुळीत नाही, मोतीबिंदूच्या वर्षीसुद्धा नाही. डेसचा चेहरा उजळला. "आर्नोला! अरे, फोटो काढा कुणीतरी!" लोक बाकावर हात बडवायला लागले. आर्नो हात पुढं करून तसाच उभा होता, कान लाल झालेले. व्हर्नाला कळत होतं, हा माणूस आपली एकतीस वर्षं तिच्यासाठी मोडायला निघालाय. असं कुणी तिच्यासाठी कधी केलं नव्हतं. आणि ते तिला नको होतं.

"थांब, डेस," ती म्हणाली.

कुणी ऐकलं नाही. मग तिनं बसमधला आवाज काढला. तो आवाज ऐकला की मागच्या बाकावरचा पोरगाही च्युइंगम गिळतो.

"डेस पॅस्को. खाली ठेव ते."

डेसनं ठेवलं. अग्निशमनवाल्यांपैकी तिघे तिच्याच बसमधून मोठे झालेले. ते नीट बसले.

"आर्नो, तुझी सही तीन आठवड्यांपूर्वीची," व्हर्ना म्हणाली. "फोन आजचा. तू मला निघताना विचारलंस, उतरल्या उतरल्या का म्हणून. मी हो म्हटलं. यापेक्षा जास्त काय शिकवतात? माझ्या तोंडात केक होता म्हणून मी विसरले. केक तू भरवला नव्हतास."

"पण मी..."

"तू सही लवकर केलीस असं म्हणालास, म्हणजे मी अजून शिकाऊच आहे असं म्हणालास. आहे का मी शिकाऊ?"

आर्नोनं तिच्याकडे बघितलं. पुढं केलेला हात खाली आला.

"नाही," तो म्हणाला.

"मग माझी चूक मला दे."

तिनं डेसच्या पुढ्यातून पक्षी उचलला आणि सगळ्यांसमोर उभी राहिली. बोलायला लागली तेव्हा पाठ अशी ताठ होती, जशी मिसेस झ्वारच्या वर्गात असायची. तिनं काही म्हणजे काही लपवलं नाही. टेबलक्लॉथ सांगितला, चर्चची टोपी सांगितली, उचकटलेले पत्रे सांगितले, केकचे किती तुकडे खाल्ले तेही सांगितलं. चार. लोक पोट धरून हसले. मग तिनं सांगितलं की ट्रेव्हरनं प्रत्येक झाडाखाली बघितलं, आणि लोक हसायचे थांबले. "त्याबद्दल मला लाज वाटते," ती म्हणाली. "तुम्हा सगळ्यांना धावायला लावलं त्याची लाज वाटते. पुन्हा असं होणार नाही असं म्हणत नाही. फोनबाबत होणार नाही. दुसरं काहीतरी होईल. तेही मीच करीन, आणि इथं येऊन सांगीन." मग ती खाली बसली. टाळ्या सुरू व्हायला जरा वेळ लागला. आधी ट्रेव्हरनं वाजवली, एकट्यानंच. त्याला अशा ठिकाणी कधी टाळी वाजवायची हे मुळी कळतच नाही.

चहा ओतून घ्यायला ती भांड्याशी गेली, तर आर्नो आधीच तिथं होता. कपात साखर ढवळत होता. तो साखर घेत नाही हे तिला माहीत होतं.

"झ्वारांची पट्टी," तो कपाकडं बघत म्हणाला. "पावसानंतर तिथं तुझ्याशिवाय कुणी उतरलेलं नाही. मला मंगळवारी तिकडं जायचंय, कार्लचं पीक बघायला. कशी आहे?"

व्हर्नानं कप खाली ठेवला. तीन वर्षांत त्यानं तिला शेकडो प्रश्न विचारले होते. त्यातल्या प्रत्येकाचं उत्तर त्याला आधीच ठाऊक असायचं.

"पहिले दोनशे मीटर घट्ट आहेत," ती म्हणाली. "पुढं पूर्वेकडची कडा मऊ झालीय, डावं चाक तिकडं जाऊ देऊ नकोस. फाटकाजवळ एक खड्डा आहे, गवतात दिसत नाही. वारा असला तर झाडांच्या रांगेपाशी एकदम पडतो, विमान खाली बसतं, त्याची तयारी ठेव."

आर्नोनं खिशातून पेन्सिल काढली, चष्मा शोधला, बिस्किटांच्या पुड्याच्या मागं लिहायला लागला.

"पूर्वेकडची कडा," तो म्हणाला. "किती मीटरपासून?"

"दोनशेपासून. घाई करू नकोस, नीट लिही," व्हर्ना म्हणाली. "आणि मेंढ्यांचं वेगळं सांगते."